मदत हवी आहे: आतल्या पानावर गेलं की साइडचा मेन्यू आखूड होत जातो (वर्डप्रेस)

फ्लेक्सवाला

नमस्कार मंडळी. साताऱ्यात डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो, कोडिंग म्हणजे इकडचं तिकडं चिकटवून चालतंय का बघायचं एवढंच. आमच्या ट्रेकच्या ग्रुपची जिल्ह्यातल्या किल्ल्यांवर साइट आहे, ज्या पोरानं बनवली तो पुण्याला नोकरीला गेला आणि आता फोन उचलत नाही (लग्न ठरलंय त्याचं, समजू शकतो) त्यामुळे ती माझ्या गळ्यात पडलीय.

सगळ्यात वर 'किल्ले' हे पान, त्याच्या पोटात ११ तालुक्यांची ११ पानं, तालुक्यात किल्ला आणि किल्ल्याच्या पोटात परत 'कसं जायचं', 'पाण्याची सोय', 'फोटो'. म्हणजे किल्ले, वाई, कमळगड, पाण्याची सोय अशा चार पायऱ्या. डाव्या बाजूला मेन्यू आहे. 'किल्ले'वर असलो की सगळं दिसतं, वाईवर पण दिसतं, कमळगडावर गेलो की फक्त वाईचे किल्ले उरतात, आणि पाण्याच्या पानावर गेलो की ती तीन पानं सोडून बाकी सगळं गायब. परवा ग्रुपमधल्या एका काकूंचा फोन आला, "अरे मी कमळगडच्या पाण्यापाशी आहे, इथनं पांडवगडला कसं जाऊ?" मी घाबरलो ना, म्हटलं संध्याकाळचं डोंगरात कुठं अडकल्या, तर बाई घरी सोफ्यावर आणि अडकल्या मेन्यूत!

कॅशे साफ केली, प्लगिन बंद करून बघितले, फरक नाही. कोडमध्ये एवढंच आहे की पानाला पेरेंट (वरचं पान) असेल तर लिस्ट पेजेसच्या (पानांची यादी काढणारं फंक्शन) 'चाइल्ड ऑफ'ला (कुठल्या पानाच्या पोटातली यादी हवी ते) 'पोस्ट पेरेंट' द्यायचं, नसेल तर पानाचा स्वतःचा आयडी. यात चुकतंय काय?

रात्रपाळी

चुकत काही नाही, तो कोड दोनच पायऱ्यांच्या साइटसाठी लिहिलाय. 'पोस्ट पेरेंट' म्हणजे फक्त लगेच वरचं पान, बाप. तुम्हाला हवाय मूळपुरुष. पाण्याच्या पानाचा बाप कमळगड, म्हणून मेन्यू कमळगडापासून सुरू होतो, बिचारा सांगितलं तेवढंच करतोय.

'गेट पोस्ट अॅन्सेस्टर्स' वापरा. ते वरच्या सगळ्या पानांचे आयडी देतं, पण क्रम खालून वर, आधी कमळगड मग वाई आणि शेवटी किल्ले. म्हणजे शेवटचा आयडी घ्यायचा, पीएचपीत त्याला 'एंड' आहे, आणि तो 'चाइल्ड ऑफ'ला द्यायचा. 'किल्ले'वर ही यादी रिकामी येते, तेव्हा पानाचा स्वतःचाच आयडी घ्या, ही अट विसरलात तर सगळ्यात वरच्या पानावर भलतंच दिसेल. आणि बदल चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बसणारी आपली वेगळी थीम) करा हो, नाहीतर थीम अपडेट झाली की सगळं पुसलं जाईल. (फंक्शनची नावं मोबाइलवरून मराठीत टाकलीत, फाइलमध्ये इंग्रजीतच लिहा.)

मिरजेचा जावई

+१. साइडबारमध्ये मेन्यूच्या वर 'ताजे ट्रेक' वगैरे काही आहे का? त्या लूपनंतर (पोस्टची यादी काढणारा कोड) 'रीसेट पोस्टडेटा' (परत मूळ पानावर आणणं) केलं नसेल तर मेन्यूला वाटतं आपण दुसऱ्याच पानावर आहोत. मी दोन रात्री घालवल्यात त्याच्यावर.

फ्लेक्सवाला

ताजे ट्रेक खाली फूटरला आहेत, ते नाही. रात्रपाळी भाऊ, जमलं!! पाण्याच्या पानावरनं पांडवगड दिसायला लागला. पण आता नवीनच, पाटणचं सगळं खानदान गायब. दातेगड, गुणवंतगड, काहीच नाही. दातेगडचं पान सर्चमधून नीट उघडतंय, ती तलवारीच्या आकाराची विहीर, फोटो, सगळं जागेवर आहे, आणि जुन्या कोडमध्ये दातेगडावर गेलं की पाटणचे किल्ले मेन्यूत दिसायचे. मग आत्ताच काय झालं?

रात्रपाळी

मेन्यूत तालुके मोजा बरं.

फ्लेक्सवाला

१० 😐

रात्रपाळी

पाटणचं पान ड्राफ्टमध्ये असणार. लिस्ट पेजेस फक्त प्रकाशित पानं घेतं आणि वरून एकेक पायरी खाली उतरतं. मधली पायरीच नाही म्हटल्यावर खालची पोरं प्रकाशित असली तरी तिथवर पोचणार कसं? आधी तुम्ही दातेगडावरनं थेट पाटणचा आयडी देत होता, म्हणून चालून जायचं.

फ्लेक्सवाला

काय राव! ड्राफ्टच होतं. पाटणच्या एका मेंबरनं पावसाळ्यात रस्त्याची माहिती बदलायला म्हणून काढलं होतं आणि तसंच ठेवलं. म्हणजे 'किल्ले'वर पण इतके दिवस १०च तालुके दिसत होते आणि आम्ही मिटिंगमध्ये छाती ठोकून ११ सांगत होतो.

आता एकच, मेन्यू लई लांब झालाय, मोबाइलवर मजकूर दिसायला दोनदा अंगठा ओढावा लागतो. 'डेप्थ' (किती पायऱ्या दाखवायच्या) २ केलं तर पाण्याची पानं जातात.

मिरजेचा जावई

'डेप्थ'ला हात लावू नका. सीएसएसमध्ये (साइटचं रूप ठरवणारा कोड) आतल्या सगळ्या याद्या लपवा आणि ज्या ओळीला 'करंट पेज आयटम' किंवा 'करंट पेज अॅन्सेस्टर' हा क्लास (ओळीवरची खूण) आहे तिच्या लगेच आतली यादी तेवढी दाखवा. क्लास वर्डप्रेस स्वतःच लावतं. वाईत असाल तर वाईच उघडेल, बाकी तालुके मिटलेले. माउस नेल्यावर उघडणारं मात्र करू नका, फोनवर माउस कुठून आणणार.

फ्लेक्सवाला

झालं! दोघांचे लई आभार. काकूंना लिंक पाठवली, म्हणाल्या मेन्यू चांगलाय पण अक्षर बारीक आहे. त्याचा वेगळा धागा काढतो.