राजाची पोज उसनी घेऊन काय साधतं? केहिंदे वायलीची चित्रं

कुंचला (चर्चाप्रस्ताव)
केहिंदे वायली हा १९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला चित्रकार. युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या जुन्या चित्रांमधल्या पोजमध्ये तो रस्त्यावरच्या कृष्णवर्णीय तरुणांना त्यांच्याच कपड्यांत रंगवतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममधलं त्याचं २००५ सालचं नेपोलियनचं चित्र घ्या. नऊ फूट बाय नऊ फुटांचा कॅनव्हास. नेपोलियनचा फ्रेंच चित्रकार दाविद याने रंगवलेला तोच आल्प्स ओलांडणारा, दोन पायांवर उभा राहिलेला घोडा. स्वार मात्र लष्करी छापाच्या कपड्यांतला तरुण, डोक्याला बंडाना (रुमाल), पायांत टिंबरलँडचे बूट. खालच्या खडकावर आल्प्स ओलांडणारे बोनापार्ट, हॅनिबल आणि शार्लमेन यांच्या नावांसोबत ‘विल्यम्स’ हे त्या तरुणाचं आडनाव.

माझा आक्षेप असा. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये हिपहॉप ही रॅप, नाच आणि पेहरावाची चळवळ सुरू झाली आणि बघता बघता तिने उभं राहण्याची, कपडे वागवण्याची स्वतःची रीत घडवली. त्या रीतीला नेपोलियनच्या शिफारशीची गरज का पडावी? शिवाय पुरुषत्वाचं माप जुनंच राहतं: घोडा, तलवार, मोहीम. माणूस बदलला, माप नाही.

पार्श्वपट
कुंचला, तुम्ही घोडा पाहिलात, मागची भिंत पाहिली नाहीत. दाविदने तिथे डोंगर आणि ढग रंगवले होते. वायलीने लाल जरीच्या कापडासारखी नक्षी भरली आणि तीत बारीक बारीक शुक्रजंतू रंगवले. ज्या मर्दानगीचा तोरा हे चित्र मिरवतं, तिचं मूळ त्याने उघड्यावर मांडून ठेवलंय. आणि मूळ चित्र तरी कुठे खरं होतं? १८०० साली नेपोलियनने आल्प्समधली ती खिंड खेचरावर बसून ओलांडली आणि दाविदसमोर पोज द्यायला तो बसलाच नाही. म्हणजे ही पोज पहिल्यापासून अंगावर चढवलेला पोशाखच होता.

२००८ सालची ‘डाउन’ ही मालिकाही विचारात घ्या. तिथे पुरुष आडवे आहेत: झोपलेले, पडलेले, कदाचित मेलेले. जुना जर्मन चित्रकार होल्बाइन याच्या मृत ख्रिस्तापासून घेतलेल्या देहाच्या ठेवणी. त्यातलं ‘स्लीप’ सुमारे ११ फूट उंच आणि २५ फूट लांब आहे. तिथे कुठली मोहीम आणि कुठला विजय?

बर्न्ट सिएना
वादात त्वचेचं रंगकाम कुणीच काढलं नाही, म्हणून लिहितो. या चित्रांचं निम्मं राजकारण तिथे आहे.

कामाची रीत थोडक्यात: रस्त्यावर माणूस गाठायचा, जुन्या चित्रांची पुस्तकं त्याच्यासमोर ठेवायची, पोज त्याने निवडायची, मग स्टुडिओत फोटो. नक्षीचं बरंचसं काम सहायक करतात, देह आणि चेहरा वायली स्वतःकडे ठेवतो.

आता कुणी असं चित्र करून पाहणार असेल तर काय बिघडतं ते सांगतो. पहिली चूक फोटोतच होते. मागे उजळ भिंत असली की कॅमेरा तिच्यावर एक्स्पोजर धरतो आणि गडद चेहऱ्याच्या सावल्या सपाट काळ्या होतात. मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) चेहऱ्यावर करा, मग साधारण एक स्टॉप खाली या, म्हणजे उजेड निम्मा करा, नाहीतर कपाळावरची चकाकी पांढरी फटक येते. दिवा मोठा आणि बाजूने हवा, कारण गडद त्वचेचा आकार सावलीपेक्षा चकाकीतून जास्त कळतो.

दुसरी चूक, ट्यूबमधला काळा रंग सरळ वापरणं. त्याने चेहरा मरतो. सावलीला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरीन (निळा) आणि थोडा अलिझरीन (गडद लाल). मधल्या छटांना बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी). उजेडात नुसता पांढरा मिसळला की त्वचेवर राख फासल्यासारखी दिसते. चकाकी निळसर, लहान आणि जाड थराची ठेवा. अंबर वाळताना तेल शोषलं जातं आणि तो भाग निस्तेज पडतो. तिथे पुढचा थर देण्याआधी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीचं तेल पुसून घ्या.

तिसरी, नक्षी. तिचा उजेड-अंधार त्वचेइतकाच ठेवला तर माणूस भिंतीत बुडतो. वायली नक्षीचा रंग भडक ठेवतो आणि वेलीचं एखादं टोक मुद्दाम मांडीवर किंवा खांद्यावर चढवतो. खालचा थर पुरता सुकल्याशिवाय अशी वेल चढवली तर कडा फिसकटते. माझ्या मते या चढणाऱ्या वेलीच पुरुषाच्या त्या ऐटीला ग्रासतात. कुंचला यांना जे माप जुनं वाटतं, त्याला तिथेच सुरुंग लागतो.

कुंचला
रंगकामावर वाद नाही. पण मग अमेरिकी चित्रकार बार्कली हेंड्रिक्स आठवा. १९७०च्या दशकात तो ओळखीपाळखीच्या कृष्णवर्णीय माणसांना पूर्णाकृती रंगवत होता. मागे ॲक्रिलिकचा सपाट, मॅट रंग, माणूस तैलरंगात. १९७४ सालच्या एका चित्रात तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरे सूट घातलेली माणसं आहेत. ना घोडा, ना नक्षी. (क्रम मात्र तोच हवा. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, उलट केलं तर थर सुटतो.) कपड्याची इस्त्री, चष्मा, उभं राहण्यातली बेफिकिरी, एवढ्यावर त्याने तो दरारा उभा केला.

बीटबॉक्स
उसनं घेणं ही हिपहॉपची लाचारी नव्हे, तो त्याचा धर्म आहे. दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला ड्रमचा तुकडा उचलायचा, फिरवायचा, त्यावर आपलं बोलायचं. कपड्यांतही हेच झालं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर डॅपर डॅन या शिंप्याचं दुकान १९८२ ते १९९२ चाललं. गुच्ची, लुई व्हिताँ यांची चिन्हं तो स्वतः चामड्यावर छापायचा आणि त्यातून त्या कंपन्यांनी कधी न शिवलेली जॅकेटं रॅपरसाठी शिवायचा. वायलीने २००५ मध्ये आइस-टी या रॅपरला फ्रेंच चित्रकार अँग्रच्या नेपोलियनसारखं सिंहासनावर बसवलं, ते याच परंपरेत.

कुंचला
डॅपर डॅनचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. त्याने चिन्ह ठेवलं आणि कपड्याचा बेत, म्हणजे कापणी, बदलला, जॅकेट नवं निघालं. वायली बेत, म्हणजे पोज, ठेवतो आणि आतला माणूस बदलतो.

पार्श्वपट
काही ठिकाणी बेत तसाच ठेवावाच लागतो. व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातला, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा सेनानी जेब स्टुअर्ट याचा अश्वारूढ पुतळा १९०७ पासून उभा होता. वायलीने तीच पोज घेऊन २०१९ मध्ये ब्राँझचा ‘रूमर्स ऑफ वॉर’ केला: सुमारे २७ फूट उंच, घोड्यावरचा तरुण ड्रेडलॉक्स (जटांसारख्या वेण्या), हुडी आणि फाटकी जीन्स अशा वेशात. आधी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला, मग डिसेंबरमध्ये रिचमंडच्याच कलासंग्रहालयासमोर. तिथे हेंड्रिक्सचा सपाट रंग उपयोगाचा नव्हता. ज्या शहराने शंभरावर वर्षं एका पोजला मान दिला, त्याला तीच पोज दाखवणं भाग होतं. जुलै २०२० मध्ये स्टुअर्ट चौथऱ्यावरून उतरला. वायलीचा स्वार अजून तिथेच आहे.

कुंचला
रिचमंडपुरतं मान्य. तिथे मूळ पुतळा त्याच शहरात होता आणि लोक दोन्ही बघू शकत होते. ब्रुकलिनमध्ये २०२० साली दाविदचं चित्र फ्रान्सहून आणून वायलीच्या चित्रासोबत मांडलं, तेव्हाही हेच साधलं. पण एरवी ते चित्र एकटंच टांगलेलं असतं, आणि ज्याला दाविद माहीत नाही त्याला समोर दिसतो तो घोड्यावरचा विजेता. माझा आक्षेप संग्रहालयातल्या त्या भिंतीपुरता कायम आहे.