पानिपतच्या छावणीतला काल्पनिक कारकून : त्याला कुठवर जाऊ द्यावे?

प्रश्न :
मी पानिपतच्या मोहिमेवर कादंबरी लिहीत असून तिचा नायक सदाशिवरावभाऊंच्या फडावरचा एक काल्पनिक कारकून आहे. दिल्लीच्या उत्तरेचा कुंजपुऱ्याचा किल्ला मराठ्यांनी घेतल्यानंतर, ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस, अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून पश्चिम तीरावर, म्हणजे मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध आला. माझ्या कथानकात ही खबर कारकुनाला आधी लागते आणि तो भीतीपोटी ती दडपतो. इतके स्वातंत्र्य घ्यावे काय?

पहिले उत्तर :
माझ्या मते घेऊ नये. एवढा मोठा अनर्थ एका कल्पित माणसाच्या चुकीवर टांगला, की भाऊंचे, अब्दालीचे आणि त्याचा साथीदार रोहिला सरदार नजीबखान याचे निर्णय आपोआप फिके पडतात आणि खऱ्या माणसांची जबाबदारी नाहीशी होते. कारकुनाला जागा हवी असेल तर ती पत्रव्यवहारात आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात याच काळातली पत्रे आहेत. उत्तरेतले मराठ्यांचे अंमलदार गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे पैशासाठी आणि रसदेसाठी भाऊ सतत तगादा लावत होते; तो मजकूर आपल्यापुढे आहे, पण तो उतरवून घेताना रात्री दिव्याशी बसलेल्या, ओल्या शाईवर वाळू टाकणाऱ्या आणि स्वतः अर्धपोटी असलेल्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे कोणत्याही कागदात नाही. डिसेंबरात पंत मारले गेल्याची बातमी येते, त्या दिवशी त्यांच्याच नावाचे पत्र याच्यापुढे अर्धवट पडलेले असू द्या.

दुसरे उत्तर :
वरील मताशी मी सहमत आहे. नाना फडणीस त्या छावणीत होते, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची आई व पत्नीही होत्या. तुमचा कारकून त्यांना भेटणारच. मात्र त्यांच्या तोंडी पुढच्या काळातल्या मुत्सद्द्याची भाषा घालू नका. तिथीही तपासा. लढाई पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी, १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या शतकात संक्रांत मात्र आजच्यापेक्षा काही दिवस आधी येत असे, त्यामुळे रणांगणावर संक्रांत साजरी करू नये.

प्रश्नकर्ता :
पण मग नायक नुसता साक्षीदार उरतो, ही माझी खरी अडचण आहे.

पहिले उत्तर देणारे :
लढाईचा निकाल त्याच्या हाती नसला तरी उपाशी छावणीत आपल्या वाट्याचे धान्य कोणाला द्यायचे, पळापळीत कोणाचा हात धरायचा आणि कोणाचा सोडायचा, हे निर्णय सर्वस्वी त्याचेच आहेत. तिथे तुम्हाला कोणताही कागद अडवणार नाही.