मदत हवी आहे: नागिणीचा विषाणू अंगातून कायमचा काढता येतो का?

केळीबाग_रावेर:
सासरे, वय 68, शुगरच्या गोळ्या चालू. परवा रात्रीपासून उजव्या बरगडीखाली आग होत होती, आज सकाळी पाणीभरल्या फोडांचा पट्टा उठला. गावात म्हणतात नागीण आहे, मंत्रून घ्या, गेरू लावा, दोन्ही तोंडं जुळली तर माणूस हाती लागत नाही. डॉक्टर म्हणतात हा लहानपणीच्या कांजण्यांचाच विषाणू. मग साठ वर्षं तो होता कुठे? रक्तात सापडेल का? औषधाने मुळासकट जाईल का? घरात सहा महिन्यांचं बाळ आहे.

मज्जागाठ:
आधी घड्याळ बघा, बाकीचं नंतर. फोड उठल्यापासून 72 तासांत औषध सुरू व्हायला हवं. म्हणजे आजच.

कांजण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू पाठीच्या कण्याशेजारच्या संवेदी नसांच्या गाठींत जाऊन बसतो. पेशीच्या केंद्रात त्याचा डीएनए गोल कडं होऊन पडून राहतो, नव्या प्रती निघत नाहीत. वय, मधुमेह किंवा स्टिरॉइडमुळे रोगप्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला की एका गाठीतून उठून तिच्याच नसेने कातडीपर्यंत येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला, आणि म्हणून आग आधी, फोड नंतर. प्रत्येक नसेची हद्द अंगाच्या मधोमध संपते, त्यामुळे दोन तोंडं जुळायची भीती नको.

मुळासकट जात नाही. नागिणीवरचं औषध म्हणजे असायक्लोव्हिर; त्याला आधी विषाणूचंच एक एन्झाइम कामाला लावतं. झोपलेला विषाणू ते एन्झाइम बनवतच नाही, मग गोळी त्याला धरणार कशी? ती फक्त वाढणाऱ्या विषाणूला अडवते. मंत्राला गेलेले दोन दिवस महाग पडतात ते इथेच. फोड आठ-दहा दिवसांत आपोआप सुकतात, श्रेय मांत्रिकाला जातं, आणि दुखणं मात्र म्हाताऱ्या माणसाच्या नसेत महिनोन् महिने राहतं.

रक्ततपासणीत फार तर जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं दिसतील. पैसे घालवू नका.

तापीकाठचा_फार्मसिस्ट:
नेहमीचा डोस: असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, 7 दिवस (सकाळी 7, 11, दुपारी 3, संध्याकाळी 7, रात्री 11). नाहीतर व्हॅलासायक्लोव्हिर 1 ग्रॅम तीन वेळा. म्हाताऱ्या माणसाला दुसरं सोपं, पाचातली एखादी वेळ हमखास चुकते. 400 ची गोळी हातात आली तर एका वेळी दोन लागतात, लोक एकच घेतात आणि औषध लागू पडलं नाही म्हणतात. नुसतं मलम लावून भागत नाही.

शुगर आहे, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांकडूनच डोस ठरवून घ्या. अंगात पाणी कमी असलं तर हे औषध मूत्रपिंडात खड्यांसारखं साचतं. आपल्याकडच्या उन्हात बागेत पाणी द्यायला जाऊ देऊ नका, घोट घोट पाणी चालू ठेवा. दुखतं म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचून घेऊ नका, तोही भार मूत्रपिंडावरच. पॅरासिटामॉल चालेल.

गेरूने फोड चिघळतात. साध्या पाण्याने धुऊन, टिपून, सैल सुती कापड.

केळीबाग_रावेर:
व्हॅलासायक्लोव्हिर सुरू केलं, क्रिएटिनिन दिलंय. बाळाचं काय? आणि पुन्हा होऊ नये म्हणून लस?

मज्जागाठ:
बाळाला नागीण होणार नाही, पण फोडांतल्या पाण्याने कांजण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण 7 ते 10 दिवस, पट्टा झाकलेला, टॉवेल वेगळा, बाळ मांडीवर नाही. घरात कांजण्या न झालेली गरोदर बाई असेल तर तिनेही लांब राहावं.

लस शिंग्रिक्स. पन्नाशीपुढे, 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने दोन डोस, भारतात 2023 पासून मिळते. आत्ता नको, पुरळ पूर्ण बरं झाल्यावर. तीही विषाणू काढत नाही, पहारा कडक करते.

फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. खपल्या पडल्यानंतर तीन महिन्यांनीही आग राहिली तर प्रेगाबॅलिनसारखी नसेची औषधं लागतात, साध्या वेदनाशामकांनी ती हटत नाही.