धामणीची अंडी: बुरशी पुसायची, की आधी पाणी कमी करायचं? (पाचोळा, वारूळ, सागरगोटा, उन्हाळी ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

पाचोळा
बांधकामात किंवा जेसीबीखाली निघालेली धामणीची अंडी जागेवर परत ठेवता आली नाहीत, की ती वनविभागाच्या परवानगीने उबवावी लागतात. (परवानगी म्हणजे नुसता सोपस्कार नाही. 1972 च्या कायद्यात सरपटणाऱ्यांची अंडी हलवणं, छेडणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसतं.) अंडी डब्यात गेली की सगळे बुरशीच्या मागे लागतात. मला हे उलटं वाटतं. बुरशी धरते ती बहुतेक वेळा मेलेल्या किंवा न फळलेल्या अंड्यावर. चांगली अंडी जातात ती पाण्याने. टरफलातून हवा आत-बाहेर होत असते, त्यावर पाण्याचा थर बसला की आतला जीव गुदमरतो.

म्हणून 5 लिटरचा डबा, 300 ग्रॅम व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं, फुगवलेलं खनिज), 240 ग्रॅम पाणी. काट्यावर तोलून, वाटीने नाही. अंडं निम्मं पुरायचं, वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करायची आणि ती खूण शेवटपर्यंत वर राहील असं बघायचं. तापमान 28 ते 30 अंश. फवारणीची बाटली त्या खोलीतही नको.

वारूळ
पाण्याबद्दल मान्य, बुरशीबद्दल साफ असहमत. धामणीची अंडी एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. मधलं एक मेलं की त्याचे पांढरे तंतू शेजारच्या टरफलावर चढतात, आणि शेजारचं अंडं आधीच अशक्त असेल तर तेही जातं. "चांगल्याला काही होत नाही" म्हणत आठवडाभर वाट बघणं म्हणजे निष्काळजीपणा.

सुटं अंडं असेल तर अंधारात खालून बारीक टॉर्च लावा. तांबूस उजेड आणि लाल शिरा दिसल्या तर ठेवा. पिवळट, शिरा नाहीत, चेपलंय आणि वास येतोय, तर काढा. चिकटलेलं असेल तर ओढू नका, शेजारच्याचं टरफल फाटतं. कोरड्या इअरबडने तंतू उचला आणि त्या जागेपुरती क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाची कोरडी पावडर चिमटीने टाका. मलम नको, तेलकट थराने पुन्हा हवाच बंद होते.

सागरगोटा
व्हर्मिक्युलाइट पुण्यात मिळतं हो. गुहागर-राजापूरकडे नर्सरीत हाताशी येतं ते कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. त्याला हे वजनाचं गणित लावू नका. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितं. 300 ला 240 घातलंत तर ते कोरडंच राहील आणि अंड्यातलं पाणी ओढेल. तिथे मूठ हाच काटा. दाबल्यावर बोटांतून थेंब आला तर जास्त. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला तर बरोबर.

वारूळ
आणि बुरशी येते ती नेमकी त्या कोकोपीटातूनच. वापरायचंच असेल तर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा, पूर्ण गार झाल्यावर पिळा.

उन्हाळी
नागपुरात मे महिन्यात तुमची भांडणं चैनीची वाटतात. इथे डबा भिजत नाही, वाळतो. अंड्यांसकट भरलेल्या डब्याचं वजन पहिल्या दिवशी झाकणावर लिहा. दर आठवड्याला तोला, जितके ग्रॅम कमी तितकं कोमट पाणी डब्याच्या कडेने सोडा. अंडी पाणी पितात ते डब्यातच राहतं, त्यामुळे घटलेलं वजन म्हणजे बाहेर उडालेलं पाणी.

पाचोळा
काटा बरोबर, भरपाई पूर्ण नको. झाकणाला आतून घाम असेल तर त्या आठवड्यात पाणी अजिबात नाही. घाम येतो तो रात्री खोली गार पडल्यामुळे, आणि ते थेंब नेमके अंड्यांवर पडतात. डबा एका बाजूने दोन बोटं उचलून ठेवा म्हणजे थेंब उतारावरून कडेला जातात. झाकणाला 3 मिमीची चार भोकं पुरेत.

सागरगोटा
भोकांवर मलमल चिकटवा. कुजक्या अंड्याच्या वासाला बारीक माश्या येतात, त्यांच्या अळ्या चीर पडलेल्या चांगल्या अंड्यातही शिरतात. बुरशीपेक्षा त्या वाईट.

वारूळ
हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. मेलेलं अंडं डब्यात ठेवलंत म्हणून माशी आली.

उन्हाळी
वजन घटलेलं नसताना अंड्याला खड्डा पडला तर?

पाचोळा
पहिल्या महिन्यात पडला तर बूड कोरडं आहे, कडेने पाणी द्या. दीड महिना उलटल्यावर पडला तर हात लावू नका, पिल्लू बाहेर यायच्या तयारीत आहे. तिथे घाबरून पाणी ओतणं ही सगळ्यात सर्रास चूक. शेवटच्या दोन आठवड्यांत त्याला हवा जास्त लागते, एक दिवसाआड झाकण मिनिटभर उघडा.

वारूळ
चीर पडल्यावर एक-दोन दिवस नुसतं तोंड बाहेर काढून बसतं, उरलेला बलक आत ओढत असतं. उपटून काढू नका. आणि गठ्ठा खरोखर धामणीचाच आहे ना, हे पहिल्याच दिवशी पक्कं करा. नागाचं पिल्लू चिरेतून डोकं काढतं तेव्हाच विषारी असतं, तिथे इअरबड घेऊन हात घालायचा नाही.