सुट्टीची तारीख आधी सांगा
बॉर्डरलाइन (भावना आणि नाती फार अस्थिर राहणारा व्यक्तिमत्त्व विकार) असलेले क्लायंट समुपदेशकाला मुद्दाम छळतात, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. इथे कोल्हापुरात माझ्याकडे समुपदेशनाला येणारी अशी एक मुलगी, मी गावाला जाणार म्हटलं की आदल्या भेटीत कडाडून भांडायची. मूळ होतं सोडून जाण्याच्या भीतीत. मग मी सुट्टी महिनाभर आधी सांगू लागले, परतल्यावरची वेळ चिठ्ठीवर लिहून हातात देऊ लागले. भांडणं राहिली, पण ती चिठ्ठी घेऊन ठरल्या वेळी परत यायची!

आणखी एक. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांच्या, याच विकारावर वापरल्या जाणाऱ्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या उपचारपद्धतीत थेरपिस्टांची आपसातली नियमित सल्ला-बैठक हा उपचाराचाच भाग धरलेला आहे. एकट्याने हे काम ओढू नका. आम्ही तिघी समुपदेशक दर गुरुवारी तासभर बसतो, तेव्हाच माझा स्वतःचा राग मला नीट दिसतो.