व्यापार वाढला की स्थलांतर थांबतं का? सोलापूरकडे बघून पटत नाहीये

अर्थशास्त्राची_विद्यार्थिनी
एम.ए.ला आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट मंडेलचा 1957चा सिद्धांत शिकलो: माल मोकळेपणी फिरला की दोन्हीकडची मजुरी जवळ येते, मग माणसांना हलायची गरज उरत नाही. पण माझे पणजोबा तेलंगणातल्या करीमनगरकडून इथं मागावर आले आणि भाऊ आता दुबईत आहे. माल आणि माणूस एकमेकांची जागा घेतात, की जोडीनं जातात?

पूर्वभागातला_मागवाला
ताई, घरचे यंत्रमाग आहेत म्हणून लिहितो. 1877 साली इथं जुनी मिल ही कापड गिरणी सुरू झाली, नंतर बाकीच्या आल्या, आणि निजामाच्या तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबं येत राहिली. माल बाहेर जायला लागला म्हणूनच माणसं आत आली.

टेरी टॉवेलच्या मागाला दोन बिमं (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक जमिनीचं, दुसरं वर उठणाऱ्या लूपचं. लूपचं बिम ढिलं सोडायला हात बसावा लागतो, नाहीतर सगळा टॉवेल एकसारखा उठत नाही. निर्यातीची ऑर्डर आली की असा हात असलेला माणूस हवा, शिवाय वार्पिंग (ताणा भरणं), रंगाई, कडा शिवणाऱ्या बायका, पॅकिंग. मग कामगारच गावाकडं फोन लावतो, ‘मेहुण्याला पाठव.’

ऑर्डर गेली की उलटं. 2014 पासून पाकिस्तानचा टॉवेल युरोपात बिनशुल्क जायला लागला, आपल्यावर मात्र शुल्क. आमच्या धंद्यात नफा इतका बारीक की तेवढ्यानंही गिऱ्हाईक फिरतं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा तर विचारूच नका. काम कराचीला गेलं म्हणून आमचा विणकर कराचीला जाणार नाही. तो भिवंडीला जातो, सुरतेला जातो, कारण तिथं आधीच नात्यातलं कुणीतरी असतं. मजुरी सारखी होईपर्यंत तो घरी बसून राहील असं धरणारा हिशोब मला मान्य नाही. दर आठवड्याला पगार हातात पडला तरच त्याची चूल पेटते.

मेक्सिको_वाचक
हेच मेक्सिकोत झालं. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या 1994 च्या नाफ्टा या मुक्त व्यापार करारामुळं लोंढा कमी होईल असं सांगितलं होतं. अमेरिकेतले मेक्सिकोत जन्मलेले लोक 1990 मध्ये साधारण 43 लाख होते, 2000 मध्ये 92 लाखांच्या आसपास. अमेरिकेचा स्वस्त मका आला, त्यात पेसो (मेक्सिकोचं चलन) कोसळला. शेतातून सुटलेल्यांना सामावून घेण्याइतके कारखाने तितक्या लवकर उभे राहिले नाहीत. सगळा दोष कराराचा नाही, पण मधली वर्षं कुणी मोजलीच नव्हती.

अर्थशास्त्राची_विद्यार्थिनी
आणि स्थलांतरामुळं व्यापार वाढतो, ते? डेव्हिड गूल्डचा 1994 चा अभ्यास आहे, अमेरिकेत आलेल्यांमुळं त्यांच्या मायदेशाशी व्यापार वाढला असं दाखवणारा.

पूर्वभागातला_मागवाला
वाढतो की. ओळखीचा माणूस तिकडं असला की नमुना दाखवता येतो, पैसे बुडायची भीती कमी होते. प्रबंध करणार असाल तर विडी घरकुल या कामगारांच्या वसाहतीत घरोघर विचारा, कोण कोणत्या साली आलं, कोण कधी गेलं. शेजारी शुल्क बदलल्याची सालं लिहा. आमच्याकडं येऊन विचारायचं असेल तर आधी कळवा, रविवारी माग बंद असतात, निवांत बोलता येईल.