नाताळकाळ 25 तारखेला संपत नाही
नाताळच्या तयारीत 24 डिसेंबरपर्यंत फराळ आणि खरेदीतच जीव जातो, प्रार्थनेला वेळ उरत नाही, अशी तक्रार ऐकू येते; आमच्या वसईतल्या घरीही तसंच होतं. पण सगळं 25 च्या आत उरकायला हवं हे मला पटत नाही. चर्चच्या पंचांगात नाताळकाळ त्या दिवशी सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. आम्ही भेटीगाठी त्या दिवसांत नेल्या.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे साधारण चार आठवडे, मात्र घरासाठी राखला. विरार लोकलने कितीही उशिरा पोचलो तरी जेवणाआधी मेणबत्ती लावून बायबलमधलं एक वाचन, जेमतेम 10 मिनिटं. तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती कोण लावणार यावरून मुलं अजून भांडतात. करंज्या आईसोबत बसूनच करतो, तेव्हाच तिच्या लहानपणचा नाताळ ऐकायला मिळतो.